बाकीच्यांचं गेल्या वर्षी झालं

गेल्या पोंगलला पूंकोडीनं स्वतःचं हसं करून घेतलं होतं. गावच्या पट्टीमन्रमात, म्हणजे वादाच्या सभेत, वक्त्याला चारच मिनिटं मिळतात. हिनं पंचांना वणक्कम केलं, पंचायतीच्या अध्यक्षांना केलं, देणगीदारांना केलं, लाउडस्पीकरवाल्यालासुद्धा सोडलं नाही, आणि मुद्द्यावर यायच्या आत घंटा वाजली. तेव्हापासून अख्खं गाव तिला ‘वणक्कम पूंकोडी’ म्हणू लागलं. बिचारीला नळावर जायची चोरी झाली.

यंदा विषय होता, घराची गोडी कोणामुळे, सासूमुळे की सुनेमुळे? पूंकोडी सुनेच्या बाजूनं. तालीम घ्यायला बसली तिची सासूच, शिवकामी, हातात पितळी पेला आणि पळी घेऊन. जरा पाल्हाळ झालं की पळी पेल्यावर वाजायची.

"पुन्हा पहिल्यापासून. आणि माझ्यावर जरा ठसक्यात बोल. मी गुळाचा डबा लपवते, ते का गाळलंस?"

"अत्तै, लोकांसमोर कसं सांगू?"

"मग घरात कशी पुटपुटतेस गं? तेच तिथं मोठ्यानं म्हण."

सभेत पूंकोडी उभी राहिली तोच मागून कुणीतरी लांबलचक ‘वणक्कम’ ठोकलं. मांडव हसला. पहिल्या रांगेत शिवकामी होती. तिनं गुडघ्यावर बोटानं टकटक केलं.

"माझ्या अत्तैंना वणक्कम," पूंकोडी म्हणाली. "बाकीच्यांचं गेल्या वर्षी झालंय."

मांडव खदखदला आणि ती सुटलीच. सासू गूळ लपवते, दोसा उलटायच्या आत चूक काढते, सून माहेरी निघाली की नेमकी सासूचीच कंबर धरते. "पण या तक्रारी माझ्या नाहीत हो. अत्तैंनीच पाठ करून घेतल्या, मला पुन्हा कुणी हसू नये म्हणून. सख्ख्या आईनंही माझ्यापायी एवढी बदनामी सोसली नसती."

ती खाली बसली तेव्हा घंटा अजून वाजायची होती.

पंचांनी निकाल दिला तो सासूच्या बाजूनं, पूंकोडीच्याच शब्दांवर बोट ठेवून.

"एवढा घसा कोरडा केला तो हरायला?" वाटेत शिवकामी करवादली. "खुळी कुठली." पण तिनं सुनेचा हात घरापर्यंत सोडला नाही, आणि पूंकोडीला जिंकल्याहून बरं वाटलं.

सकाळी ती चुलीपाशी गेली, तर गुळाचा डबा समोरच्याच फळीवर होता. झाकणही लावलेलं नव्हतं.