मेधाताईंच्या हाती माझं स्टिअरिंग

मित्रांनो, तुम्ही कधी तोक्योच्या फुनाबोरी भागात आलात, तर स्टेशनापासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटंसं भाड्याचं पार्किंग लागेल. तिथे कोपऱ्यात उभी असलेली, उजव्या दारावर लांब ओरखडा असलेली पांढरी गाडी म्हणजे मी. माझं वय झालं आहे. पण माझं इंजिन अजून पहिल्या झटक्यात सुरू होतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

मी जन्मले तेव्हा माझ्या पोटात काहीच नव्हतं. नुसता पत्र्याचा मोठा डबा आणि पुढे दोन खुर्च्या. चिबामधल्या एका ततामी विणणाऱ्या कारागिरानं मला घेतलं. ततामी म्हणजे इथल्या घरांत जमिनीवर अंथरतात त्या जाड, गवती चटया. वर्षानुवर्षं मी त्या घरोघरी पोचवल्या. माझ्या अंगाला ओल्या गवताचा वास इतका मुरला, की आजही उन्हात उभं केलं तर तो हलकेच दरवळतो. मालक दर शनिवारी मला धुवायचे आणि चाकांतली हवा स्वतः तपासायचे.

मग त्यांचे हात थकले, दुकान बंद झालं. मला मागच्या आवारात उभं केलं आणि सगळे विसरले. मित्रांनो, गाडीला पळून पळून थकवा येत नाही. उभं राहून येतो. टायर एकाच जागी दबून चपटे झाले, बॅटरी संपली, आरशावर वेल चढली. पावसाळे आले नि गेले. कुणी दार उघडून आत डोकावलंसुद्धा नाही.

अशात एके दिवशी सायकलवरून एक गृहस्थ आले आणि माझ्याभोवती दोनदा फिरले. त्यांचं नाव प्रल्हाद. मूळचे पुण्याचे. कावासाकीतल्या एका कंपनीत संगणकाचं काम करता करता त्यांची अर्धी हयात जपानात गेली होती आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. त्यांनी माझ्या पत्र्यावर टकटक केलं, खाली वाकून बघितलं आणि सोबत आलेल्या पत्नीला म्हणाले, की हिचा सांगाडा मजबूत आहे. पत्नी म्हणजे मेधाताई. त्यांनी मागचं दार उघडून खोल श्वास घेतला. गवताचा वास त्यांना आवडला असावा, कारण त्या हसल्या. त्या हसण्यावर माझं नशीब फिरलं.

वर्षभर ते दोघं माझ्या पोटात राबत होते. झोपायला फळी, खाली कपाटं, एक छोटी शेगडी, पाण्याची टाकी, पडदे. मसाल्याच्या डब्यासाठी मेधाताईंनी खास खाच करून घेतली, म्हणजे वळणावर हळद सांडायला नको. तोक्योतली थंडी प्रल्हादरावांच्या सांध्यांना सोसत नव्हती. तेव्हा दोघांनी ठरवलं, की डिसेंबर उजाडला की दक्षिणेला क्यूशू बेटावर जायचं आणि साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, फुलायच्या सुमारास घरी परतायचं. थंडीत दक्षिणेला जाणारी पाखरं करतात तसंच.

असे चार हिवाळे आम्ही काढले. कागोशिमाच्या बाजूला जानेवारीतच मोहरीची पिवळी शेतं फुलतात. तिथली रताळी इतकी गोड, की मेधाताईंच्या किसात साखर घालावी लागत नसे. समोरचा ज्वालामुखी अधूनमधून राख उडवायचा आणि ती माझ्या टपावर बसायची. मेधाताई ती आधी पाण्यानं वाहू देत, मगच फडकं लावत. कोरडी पुसली तर रंगावर चरे पडतात. हमरस्त्याच्या कडेला इथे विश्रांतीची ठाणी असतात. तिथे आमच्यासारखेच निवृत्त प्रवासी भेटत, माझी कपाटं उघडून बघत आणि कौतुक करत. मी आतल्या आत फुगून जायचे.

स्टिअरिंग मात्र नेहमी प्रल्हादरावांच्या हाती. मेधाताई शेजारी बसून नकाशा सांगत, संत्री सोलून देत. परवाना त्यांच्याकडेही होता. पुण्यात त्या मोटार शिकल्या होत्या आणि इथे आल्यावर त्यांनी जपानी परवानाही काढून ठेवला होता. पण इथे त्यांनी गाडी कधी चालवलीच नाही. अशा लोकांना इथे ‘पेपर ड्रायव्हर’ म्हणतात, म्हणजे फक्त कागदावरचे चालक. गंमत अशी, की वाहतुकीचा गुन्हा न करणाऱ्याला इथे सोनेरी पट्टीचा परवाना मिळतो. न चालवणाऱ्याच्या हातून गुन्हा होणार कसा? त्यामुळे मेधाताईंचा परवाना सोनेरी, आणि थांबारेषेवर न थांबल्याबद्दल एकदा पकडले गेलेल्या प्रल्हादरावांचा निळा. यावरून त्या त्यांना चिडवत.

यंदा मार्चमध्ये आम्ही परतीला निघालो. क्यूशू सोडून मोठा पूल ओलांडला, समुद्र उजवीकडे ठेवून ओकायामापर्यंत आलो. तिथल्या एका ठाण्यावर सकाळी प्रल्हादराव पाण्याचा डबा घेऊन माझ्या पायरीवरून उतरत होते. पायरी दवानं ओली होती. त्यांचा उजवा पाय मुरगळला आणि ते तसेच खाली बसले. दवाखान्यातून परत आले तेव्हा पावलाला प्लास्टर, काखेत कुबड्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड महिना गाडी चालवायची नाही.

कावासाकीहून त्यांच्या मुलीचा, केतकीचा फोन आला. मेधाताईंनी तो डॅशबोर्डवर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. केतकी घाबरली होती. ती म्हणाली, की गाडी तिथेच सोडा, शिनकानसेननं, म्हणजे वेगवान आगगाडीनं या. जुन्या गाड्या घेणारा एक माणूस तिच्या माहितीचा आहे, तो उचलून नेईल. मग तिचा आवाज बदलला.

“बाबा, दर हिवाळ्यात फोन उशिरा लागला की मी नकाशा उघडून बसते. तुम्हाला कुठे शोधायचं तेच मला कळत नाही. आता पुरे करा ना.”

प्रल्हादराव म्हणाले, बरं, बघतो. मित्रांनो, त्यांचा तो ‘बरं’ मला वेलीखालच्या सगळ्या वर्षांपेक्षा जड गेला. राग नाही आला मला. पाय दुखत होता, मुलगी रडवेली झाली होती, माणूस आणखी काय म्हणणार? पण परक्या गावात, परक्या माणसाच्या आवारात उभं राहणं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

फोन बंद झाला. मेधाताई उतरल्या, माझ्या पुढून वळसा घालून उजव्या दाराशी आल्या आणि चालकाच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची पुढे ओढली. आरसा स्वतःच्या उंचीला आणला.

“मी चालवीन,” त्या म्हणाल्या.

“तू?” प्रल्हादरावांनी विचारलं. “मेधा, तू शेवटची गाडी कधी चालवलीस?”

“फार वर्षांपूर्वी. पण चार हिवाळे तुमच्या शेजारी बसले ते झोपा काढायला नाही. रस्ता बघतच होते मी.”

विम्यात दोघांचीही नावं होती. त्याची त्यांनी फोन करून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाट उलटल्यावर, ठाण्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात आमची शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रेक इतका जोरात दाबला, की कपाटातली भांडी खणखणली. दुसऱ्या दिवशी मागे घेताना पाटीच्या खांबाला माझं उजवं दार घासलं. तोच हा ओरखडा. प्रल्हादराव शेजारून अखंड सूचना करत होते. ब्रेक, आरसा, डावीकडे, अगं हळू. मेधाताईंनी गाडी थांबवली आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, आता एकदा जरी ब्रेक म्हणालात ना, तर मागे जाऊन बसायचं.” पुढच्याच वळणावर ते ब्रेक म्हणाले. कुबड्या सावरत मागे गेले, आणि पुढचे कित्येक दिवस तिथूनच खिडकीबाहेर बघत राहिले.

एक सांगते. मला मेधाताईंचा हात पहिल्याच दिवशी आवडला होता. त्या मला ओढत नसत, घाई करत नसत. वळणाच्या आधी वेग कमी करत, वळणात नव्हे. चौथ्या दिवशी त्यांनी केतकीला फोन केला. “गाडी विकायची नाही. मी घेऊन येतेय. रोज संध्याकाळी थांबलो की कुठे आहोत ते कळवीन.” पलीकडून ती बरंच काही बोलली. मेधाताईंनी ऐकून घेतलं आणि निघाल्या.

रोज थोडंच अंतर कापायचं, उजेड असतानाच थांबायचं, असा त्यांचा नेम. हमामात्सू शहराच्या पुढे द्रुतगती रस्त्यावर अचानक मुसळधार पाऊस आला. मोठाले ट्रक शेजारून जात, तेव्हा काचेवर पाण्याची भिंतच कोसळायची आणि मी वाऱ्यानं हलायचे. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं घट्ट झालेली मला जाणवली. मागून प्रल्हादराव काही म्हणाले नाहीत. त्यांना म्हणावंसं वाटलं असेल. पण ते गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्यानं मेधाताईंना बळ आलं असावं. मेधाताई डावी लेन धरून, दिवे लावून, पुढच्या विश्रांतिस्थळापर्यंत गेल्या. गाडी थांबवली, हात मांडीवर पुसले आणि आल्याचा चहा ठेवला. पाऊस ओसरेपर्यंत दोघं चहा पीत बसले. कप खाली ठेवून प्रल्हादराव म्हणाले, “मी असतो तर थांबलो नसतो. तसाच रेटत गेलो असतो.” बस, एवढंच. पण त्यानंतर ते पुन्हा पुढे येऊन बसले आणि नकाशा सांगू लागले. संत्रीही त्यांनीच सोलली.

तोक्योत शिरल्यावर मेधाताईंनी उंचावरचा गर्दीचा रस्ता टाळला आणि साध्या रस्त्यानं सिग्नल घेत घेत आल्या. आराकावा नदीचा पूल चढलो तसा समोर फुनाबोरीचा टॉवर दिसला. पार्किंगमधली माझी जागा अरुंद. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी. प्रल्हादराव कुबड्यांवर खाली उभे राहून “येऊ दे, येऊ दे” म्हणत होते. मेधाताईंनी दोनदा पुढे घेतलं, तिसऱ्या खेपेला मी खटकन जागेवर बसले. केतकी आणि तिची छोटी मुलगी तन्वी तिथे वाट बघत होत्या. तन्वी धावत आली आणि इथली मुलं घरी परतणाऱ्याला म्हणतात तसं “ओकाएरी” म्हणाली. आधी आजीला, मग आजोबांना, आणि मग माझ्या बॉनेटवर हात ठेवून मलाही. केतकीनं आईला मिठी मारली. किती तरी वेळ ती सोडेचना.

पण तो गाडी घेणारा माणूस रविवारी यायचाच होता. केतकीनं त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो आला, सौजन्यानं वाकला, माझ्याभोवती फिरला. ओरखड्यावर त्यानं बोट फिरवलं. मग प्रल्हादरावांकडे वळून विचारलं, की मालकांची काय इच्छा आहे. केतकीही त्यांच्याकडेच बघत होती.

प्रल्हादरावांनी कुबडी काखेत नीट घेतली आणि मेधाताईंकडे हात केला. “मला विचारू नका. गाडी त्या चालवतात.”

मेधाताईंनी त्या माणसाला जपानीत सांगितलं, की उगाच खेप पडली, माफ करा. ही गाडी डिसेंबरात पुन्हा क्यूशूला जायची आहे. मग केतकीकडे वळून म्हणाल्या, “तुझी काळजी खोटी नाही. पुढच्या वेळी चार दिवस सुट्टी काढ आणि शेजारी बसून बघ, मी कशी चालवते ते.” केतकीनं माझं दार उघडलं आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

तेव्हापासून मेधाताई दर आठवड्याला मला नदीकाठी फिरवून आणतात. हवा तपासतात, तेल बघतात, पायरी कोरडी पुसतात. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी, सायकल, शिवणयंत्र कोपऱ्यात उभं असेल. त्यावर नुसतं आच्छादन घालून ठेवू नका. धूळ पुसा, तेल द्या आणि अधूनमधून वापरा. आणि घरात जो कायम शेजारच्या खुर्चीत बसतो, त्यालाही एकदा चावी देऊन बघा. आम्हाला रस्ता ठाऊक असतो. कुणी तरी आम्हाला सुरू तेवढं करायला हवं.