इंजिनाकडे ठेवलेलं नाव

वडिलांच्या मृत्यूनंतरच्या हजाराव्या दिवसाच्या विधीसाठी लेगियाह गावी आली, तेव्हा गाळप सुरू व्हायला चार दिवस उरले होते. सुंबरवारूच्या साखर कारखान्याची चिमणी चाचणीपुरती पेटवली होती आणि जळलेल्या चिपाडाचे काळे पापुद्रे हवेतून सावकाश खाली येत होते. दोरीवरच्या कपड्यांवर, केळीच्या पानांवर, अंगणातल्या कोंबड्यांच्या पाठीवर ते बसत, आणि बोट लावलं की नाहीसे होत. लेगियाहला वाटलं, आपण या गावाला स्वप्नातच जास्त वेळा आलो आहोत. तिथेही असंच काळं काहीतरी गळत असतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

घराच्या मागच्या दाराला लागूनच उसाच्या गाडीचे रूळ. त्या रुळांवरून तिच्या वडिलांनी, मर्तोसेननी, एकतीस वर्षं सात नंबरचं वाफेचं इंजिन चालवलं होतं.

दुपारी लिक पैमान आला. वडिलांच्या इंजिनात आयुष्यभर चिपाडाच्या मोळ्या भरणारा हा माणूस. लिक म्हणजे काका, आणि लेगियाह त्याला काकाच मानायची. ती चव्वेचाळीस वर्षांची झाली, मलांगच्या शाळेत भाषा शिकवू लागली, तरी तो तिला लहान मुलीसारखं 'न्दुक' म्हणायचा.

"न्दुक, एक मागायला आलोय. नाही म्हणालीस तरी चहा पिऊनच जाईन."

"चहा तू न मागताच पितोस," आतून तुमिराह आत्या म्हणाली. "साखर किती घालू? अख्खा कारखाना?"

"तू नुसतं बोट बुडव, आत्याबाई. कडू होईल, पण चालेल."

आत्या हसली. पैमान मात्र हसला नाही. कपाकडे बघत म्हणाला, "सात नंबर चालत नाही."

दोन महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये सात नंबरच्या बॉयलरमधल्या नळ्या उपसून काढल्या होत्या. मागची बाजू कापून तिथे जुन्या लॉरीचं डिझेल इंजिन बसवलं आणि साखळीनं चाकांना जोडलं. बॉयलरचं रिकामं पिंप आणि धुराडं तसंच ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला तेच इंजिन वाटावं.

"तीनदा क्लच बदलला. निघतं झकास. कब्रस्तानाच्या वळणापाशी गेलं की बसतं. फिटर म्हणतो साखळी, साहेब म्हणतात डिझेलमध्ये पाणी. गाळपाच्या उद्घाटनाला चाललं नाही तर भंगारात काढणार आहेत."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार ते तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. इंजिनाला आता नाव पेलत नव्हतं.

ती जन्मली तेव्हा तिचे वडील साधे मोळ्या भरणारे होते. छायाबाहुल्यांच्या खेळात त्यांनी कुठल्याशा राणीचं नाव ऐकलं आणि तेच मुलीला देऊन टाकलं. रत्नानिंग जगत. जगाचं रत्न. दोन वर्षांची असताना ती तापानं इतकी खंगली की मान धरेना. गावातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पोरीला नाव जड झालंय. मग घरात तांदळाची तांबडी-पांढरी पेज शिजली, आणि पाच बाजारवारांपैकी लेगीला जन्मली म्हणून ती लेगियाह झाली. उतरवलेलं नाव वाऱ्यावर सोडायचं नसतं. वडिलांनी पेजेचं भांडं वर्कशॉपात नेलं, सात नंबरच्या चाकावर पेज ओतली आणि चालकाच्या खिडकीखाली पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं ते नाव लिहिलं. लोखंडाला झेपेल म्हणाले.

ती बरी झाली. पुढे रोज संध्याकाळी वडील त्या अक्षरांवरून तेलाचं फडकं फिरवताना ती बघायची. घरापाशी आलं की इंजिन शिट्टी द्यायचं: एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. शेजारच्या बाया म्हणत, रत्नाबाई आल्या. आणि लेगियाह मागच्या दारात उभी राहून मुद्दाम दुसरीकडे बघायची. एवढ्या मोठ्या लोखंडाचा हेवा वाटतो हे कुणाला सांगणार? नंतर ती पुस्तकं वाचायला लागली आणि या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणायला शिकली. त्यामुळे हेवा गेला नाही. तो झाकायला एक शब्द मिळाला, इतकंच.

"नवं नाव द्यायचंय त्याला," पैमान म्हणाला. "पण आधीचं उतरवायला पोटचं लेकरू लागतं. तू एकटीच आहेस."

"त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय," लेगियाह म्हणाली. "तेही मीच पुसू?"

पैमाननं चहा संपवला. "बघायला तर चल," एवढंच म्हणाला.

शेडमध्ये पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली आल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. सात नंबर तिथे उभं होतं. पूर्वी ते उभं असतानाही श्वास घ्यायचं, कुठेतरी थेंब टपकायचा, पोट गरम असायचं. तिनं बॉयलरवर तळवा ठेवला. गार. कान लावला, तर आत दूरवर समुद्र असल्यासारखं काहीतरी घुमत होतं. खिडकीखालची अक्षरं मात्र ताजी होती.

"ही कुणी रंगवली?"

"दर वर्षी मीच रंगवतो. त्यांनी सांगून ठेवलं होतं."

तिनं बॉयलरच्या तोंडाशी वाकून हळूच ते नाव घेतलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पिंपात ते फिरून आलं, आणि परत आलेला आवाज तिच्यापेक्षा जाड, थकलेला होता. क्षणभर तिला आत कुणीतरी मोळ्यांवर पाय पसरून बसल्याचा भास झाला, वडील घालायचे तसल्या निळ्या सदऱ्यातला.

"ती शिट्टी," पैमान तिच्या मागून म्हणाला, "इंजिनाची नव्हती गं. तुझी होती."

ती वळली नाही.

"मी विचारलं होतं एकदा. दादा, रोज वाफ कशाला वाया घालवता? तर म्हणाले, नाव इंजिनाला दिलेलं नाही, ठेवायला दिलंय. पोरगी मोठी झाली, अंगात ताकद आली, की परत घेईल. तोवर तिला रोज हाक मारायची, नाहीतर नाव तिला विसरेल."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सुट्टीला यायचीस ती पुस्तकांची पिशवी घेऊन. ते दारापर्यंत यायचे, नि परत वळायचे. मला म्हणायचे, हसेल रे ती." पैमाननं नाक पुसलं. "हसली असतीस?"

लेगियाहनं बोटानं एका अक्षराची कड गिरवली.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा हसले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पेज शिजवली. अर्धी कोरी, अर्धी ताडगुळाची. शेडमध्ये फिटर, दोन चालक आणि पैमान जमले. दिवस वागे या बाजारवाराचा, म्हणून इंजिनाचं नाव वागियेम ठरलं.

"वागियेम माझ्या सासूचं नाव आहे," फिटर कुरकुरला.

"मग चालणार बघ," पैमान म्हणाला. "तुझी सासू कधी थांबल्याचं ऐकलंय का कुणी?"

लेगियाहनं रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा घेतला आणि अक्षरं पुसली. रंग सहज सुटला. खालच्या जुन्या पत्र्यावर वडिलांच्या पहिल्या अक्षरांचे ओरखडे निघाले, वाकडेतिकडे. लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाचे. ते तिनं तसेच राहू दिले. मग दोन चमचे पेज चाकावर ओतली आणि उरलेली, सगळ्यांसमोर, स्वतः खाल्ली. पैमान बघत राहिला.

"जड आहे हं, न्दुक."

"असू दे."

कब्रस्तानातून ती उन्हं कलताना परतली. वडिलांच्या कबरीवर हजाराव्या दिवसाचा दगड बसवून झाला होता. अंग जरा कसकसत होतं. उन्हानं असेल, किंवा नसेल. ती मागच्या दारात बसली. चिपाडाची काजळी पडत होती, आणि एक पापुद्रा तिच्या मनगटावर बसला. तिनं तो झटकला नाही.

वळणापलीकडे लॉरीसारखी घरघर ऐकू आली. ती वाढली, मंदावली, जवळजवळ थांबलीच. मग धुराड्यातून निळसर धुराची एक गुंडाळी वर निघाली आणि रिकामे डबे ओढत सात नंबर वळणातून बाहेर आलं. खिडकीतून पैमाननं हात बाहेर काढला.

शिट्टी आता नव्हती. लॉरीचा भोंगा होता, चिरका, बेसूर. पण वाजला तो तसाच: एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब.

लेगियाह उभी राहिली. या वेळी तिनं दुसरीकडे बघितलं नाही.

"ओ," ती म्हणाली.