मी हललो नव्हतो

मी हललो नव्हतो. माझी बाकीची हकीकत ऐका किंवा सोडून द्या, पण एवढं आधी ऐकून घ्या. मी जागचा तसूभरही हललो नव्हतो.

मी एक स्टँड. गॅलरीत मातीचं नाहीतर दगडाचं काम ठेवायला कमरेइतका उंच पांढरा लाकडी खोका असतो ना, तो मी. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. माझं काम लोकांच्या नजरेत भरण्याचं नव्हतंच. माझं काम उभं राहण्याचं.

मला घडवलं एका सुतारकाकांनी. बोलायला तिखट, कामाला त्याहून तिखट. माझे कोपरे त्यांनी असे जुळवले की फटीत नख शिरू नये. मग मला उलटा करून माझ्या पोटात वाळूचं पोतं ठेवलं, तळाला फळी ठोकली आणि मला सरळ उभा करून दोन्ही हातांनी गदागदा हलवायला गेले. मी ढिम्म. तेव्हा कुठे त्यांच्या मिशीत हसू आलं.

तिथून मी गॅलरीत आलो. गॅलरी म्हणजे काय, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, मध्ये दोन खोल्या. पूर्वी तिथे टायरचं दुकान होतं. उकाड्याच्या दिवसांत फरशीतून अजून रबराचा वास येतो. चित्रकलेच्या एका शिक्षकांनी निवृत्तीनंतर ती जागा घेऊन हे सुरू केलं. सगळे त्यांना सर म्हणतात. खोटं कशाला बोलू, सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ज्यांना कुठेच भिंत मिळत नाही त्यांना ते भिंत द्यायचे. शेजारच्या लाँड्रीवाल्याची फुलांची चित्रंसुद्धा त्यांनी एकदा मोठ्या मानाने लावली होती. म्हणून तर माझा राग जास्त आहे. परक्याने थोबाडीत मारली तर गाल दुखतो. आपल्याने मारली की बाकी सगळंच दुखतं.

तिथे मी माणसं पुष्कळ पाहिली. लोक आत आले की दवाखान्यात आल्यासारखे हळू बोलू लागतात. आधी खालची चिठ्ठी वाचतात, मग वरचं काम बघतात, आणि चिठ्ठीवर काही लिहिलेलं नसेल तर काम बघतच नाहीत. माझ्यावर चहाचा पेला ठेवतात, हेल्मेट ठेवतात, कोपर टेकतात. एका आईने तर माझ्यावर लेकराला बसवून त्याच्या बुटाची नाडी बांधली होती. कलाकारांची तऱ्हा वेगळी. ते आपण कोणीच नाही असं दाखवत लोकांच्या मागे उभे राहतात आणि कान टवकारतात. कुणी नुसतं "छान आहे" म्हटलं तरी त्यांचा दिवस सोन्याचा.

मग ती आली. बसमध्ये कंडक्टर होती. ड्युटी संपली की घरी माती मळायची आणि रोज दिसणाऱ्या प्रवाशांचे चेहरे घडवायची. सरांनी तिचे नऊ चेहरे मांडायचं ठरवलं. आठ प्रवाशांचे, आणि नववा तिच्या वडिलांचा. तो माझ्यावर ठेवला.

वडिलांना झटका येऊन वाचा गेली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अकरा रविवार ते मुलीसमोर बसले होते. तिने तोंड जसं होतं तसंच केलं, वाकडं. सर म्हणालेही, "ताई, ओठ जरा सरळ केले असते तर?"

ती म्हणाली, "सरळ केले तर ते कुणाचे तरी बाबा होतील, सर. माझे नाही."

तो चेहरा भट्टीत भाजून निघाल्यावर तिने घरी नेलाच नव्हता. शेवटच्या दिवशी, रविवारी, बाबांना गाडी करून आणायचं आणि इथेच दाखवायचं असं तिच्या मनात होतं. रोज संध्याकाळी ती गणवेशातच यायची, फडक्याने त्या कपाळावरची धूळ पुसायची आणि जायची.

शुक्रवारी समीक्षक आले. वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणारे. सर दोन महिने त्यांना फोन करत होते. त्यांच्या पाठीवर भलीमोठी फुगलेली बॅग होती. ते दोन स्टँडच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. पाठ माझ्यावरच्या बाबांकडे, तोंड स्वतःच्या बोलण्याकडे. नऊ चेहऱ्यांपैकी एकाकडेही त्यांनी धड बघितलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "साहेब, एक फोटो." साहेब मागे सरकले, ऐटीत वळले आणि त्यांची बॅग फाडकन बाबांच्या कानशिलावर बसली.

आवाज झाला तो अजून माझ्या लाकडात आहे.

सर धावत आले. काय विचारलं माहीत आहे? "साहेब, तुम्हाला लागलं नाही ना?"

साहेब फरशीवरचे तुकडे बघत म्हणाले, "हे... हलत होतं का?"

सरांनी तुकडे बघितले. बॅग बघितली. साहेबांचा चेहरा बघितला. आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "हो, हा स्टँड जरा डुगडुगतोच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली! मी आयुष्यात एकच गोष्ट धड केली, उभं राहण्याची, आणि तीच मी केली नाही म्हणून सांगितलं. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं. माझं हाताशी होतं.

कोपऱ्यात साफसफाईच्या मावशी ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी झाडूला हात लावला नाही. गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा वेचला आणि बुटांच्या खोक्यात ठेवला.

संध्याकाळी ती आली. सरांनी दारातच गाठलं. "ताई, फार वाईट झालं. स्टँड हलत होता. सुताराने कामात गफलत केली, दुसरं काय."

ती खोक्यात बघत राहिली. मग माझ्यापाशी आली आणि तळहाताने मला ढकललं. पुन्हा ढकललं, अंगातलं बळ लावून. मी उभाच.

"कोण होतं जवळ?" तिने विचारलं.

"कोणी नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. फोनवर बोलणी खाऊन आले होते, डोळे लाल. त्यांनी सपाटी तपासायची पाणसळ काढून माझ्या डोक्यावर आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा मधोमध.

"बघा सर. बुडबुड्याला कुणाची ओळख लागत नाही. सरळ असेल तर सरळच सांगतो."

"काका, जाऊ द्या ना आता. तुम्ही तर आपलेच."

"आपला म्हणून माझ्यावर ढकललंत होय?" काका म्हणाले. पाणसळ पिशवीत टाकली आणि चहाला न थांबता गेले.

त्याच संध्याकाळी सर बाहेर पडल्यावर मावशींनी कंडक्टरला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. "पोरी, त्या बॅगवाल्याने पाडलं. मी बघितलं. कालच सांगायला हवं होतं, जीभ उचलली नाही. आता माझं इथलं काम गेलं तर जाऊ दे."

रविवारी समारोप होता. बाबांना तिने घरी सगळं सांगितलं होतं, तरी ते आले. पुढच्या खुर्चीत बसले. त्यांच्यासमोर मी, रिकामा. आणि भाषणाला कोण? तेच साहेब! पाठीवर तीच बॅग. विषय, सामान्य माणसाचा चेहरा.

दुसरंच वाक्य चाललं होतं, तोच ती उठली. आवाज असा लावला की भरलेल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत जावा.

"ओ साहेब! पाठीवरची बॅग पुढे घ्या!"

आणि गंमत बघा, साहेबांनी मुकाट्याने घेतली. त्या आवाजापुढे सगळेच घेतात.

"शुक्रवारी घेतली असती तर माझे बाबा शाबूत राहिले असते."

साहेब चाचरले. "मला खरंच... मला तर सांगितलं की स्टँड हलत होता."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "आपण सगळे चहा घेऊया का?"

"चहा नको, सर. सुतारकाकांना फोन लावा. आत्ता, सगळ्यांसमोर. म्हणा, स्टँड हलत नव्हता. एवढंच."

सरांच्या हातात फोन होता. त्यांनी लावला नाही. आणि पाहुणे? पाहुणे उठून भिंतीवरची चित्रं बघू लागले. इतक्या मन लावून त्या गॅलरीत चित्रं कोणी कधीच पाहिली नव्हती. एकटे बाबा माझ्याकडे बघत होते. वाचा नसलेल्या त्या माणसाने चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा धाडधाड बडवला. त्या भरल्या खोलीत खरं बोलायला वाचा गेलेलाच माणूस पुढे आला.

तिने उरलेले आठ चेहरे आणि बुटांचं खोकं त्याच दिवशी नेलं. मावशींनी खोकं उचलायला हात लावला आणि त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात साहेबांचा लेख छापून आला. त्यात "दुर्दैवी अपघात" असे दोन शब्द होते. सरांनी तो कापून काचेच्या दारावर चिकटवला.

एकदा खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. सरांनी एका कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं, "सदोष. वापरू नये." तो माझ्या छातीवर डकवला आणि मला मागच्या मोरीजवळ ढकललं. आता माझ्यावर बादली असते, ओलं पायपुसणं असतं. नवे स्टँड दुसरीकडून आणलेत. ते खरोखर डुगडुगतात. सर त्यांच्या पायाखाली निमंत्रणपत्रिकेच्या घड्या सरकवतात, मला इथून ऐकू येतं.

मला पुन्हा पुढच्या खोलीत न्या असं मी म्हणत नाही. माझ्यावर फुलदाणीसुद्धा ठेवू नका. पण सर, त्या कागदावर तुमच्या ओळीखाली अजून एका ओळीपुरती जागा आहे. तिथे काय झालं ते लिहा, सही करा, आणि तो कागद काकांना, मावशींना आणि ताईच्या घरी बाबांना नेऊन दाखवा. मी लाकूड आहे, मी थांबेन. बाबा थकलेत. उशीर करू नका.