कोंडवाड्याचा अडसर आणि आठ दिवसांचे वासरू

मी एका कोंडवाड्याचा जुना अडसर आहे, मित्रांनो. फळ्यांचे फाटक लावले की बाहेरून आडवा बसणारा सागाचा दांडा, एवढीच माझी ओळख. आज मी धुळीत पडलो आहे, पण माझी कीव करू नका.

नवापूरकडच्या डोंगरात मी साग म्हणून वाढलो. माझ्या सावलीत गुरे बसत, त्यांना कोणी परवाना विचारत नसे. पुढे ते जंगल राखीव झाले. मला तोडले, तासले आणि पायथ्याच्या कोंडवाड्याला बसवले. राखीव जंगलात चरलेली गुरे तिथे कोंडत. "काय मजबूत लाकूड आहे," असे येणारा प्रत्येक अंमलदार म्हणे आणि मी फुशारून जाई. त्या फुशारकीची आज मला चीड येते.

१९३४ च्या चैत्रात डोंगरातल्या ठकुबाईची तांबडी गाय धरून आणली. ती व्याली त्याला आठच दिवस झाले होते. वासरू घरी राहिले होते. दुपारी ठकुबाई त्याला उचलून फाटकाशी आली. तिथला मुन्शी सुकलाल तापीकाठचा, स्वभावाने वाईट नव्हता.

"साहेब दौरावर शे, माय. त्यानी सही बिगर गाय सुटाव नई," तो म्हणाला.

"गाय ऱ्हाऊ दे. वासरूले मझार सोड. पी लिन्हं का मी लई जासू."

"तसा हुकूम नई."

दूध काढून बाहेर द्यायलाही हुकूम नव्हता. दोन दिवस वासरू बाहेर हंबरत राहिले. ठकुबाई चिंधी बुडवून त्याला नागलीची पेज चोखवी, ते ओकून टाकी. आत गायीचे दूध चिखलात गळे. ती फाटकाला धडका देई, त्या माझ्या अंगात उतरत. मी हललो नाही. मजबूत होतो ना!

तिसऱ्या दिवशी वासराला उभे राहता येईना. ठकुबाईने त्याला माझ्यासमोर ठेवले. तिचा आवाज चढला नव्हता.

"ती त्यानी माय शे. तिन्हं दूध त्यान्हं शे. हाऊ हक्क साहेबनी दिधा का?"

सुकलाल जमिनीकडे बघत म्हणाला, "जंगलमा वाघ वासरू खास. तठे कोणता हक्क? हक्क माणूसच बनाडस."

"वाघले भूक लागेल ऱ्हास. तुले काय व्हयनं? आन् हक्क माणूसच बनाडस, तर तू बनाड. तू माणूसच शे ना?"

ठकुबाईने मला दोन्ही हातांनी उपसून फेकले. सुकलालने तिला अडवले नाही. तिने वासराच्या तोंडात सड धरला. दोन घोट गेले असतील, नसतील. मग दूध तोंडाच्या कडेने बाहेर येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, सही झाली. फाटक सताड उघडले, तरी गाय मेलेल्या वासराजवळून हलेना. साहेबांनी अहवाल लिहिला : लाकडी अडसर कोणीही काढतो, लोखंडी कुलूप बसवावे. वासराविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

हक्क जन्माबरोबर येतो की माणूस तो घडवतो, हे मला लाकडाला कळत नाही. वासरू आईकडे ओढ घेते, ते मी पाहिले. अडसर माणसाने घडवला, हेही मला ठाऊक आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, असे शेवटी सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण मित्रांनो, तुमच्या हाती कधी असे फाटक आले, तर कोणाच्या सहीची वाट पाहू नका.