दारावरून जाणारा महामार्ग

शिडीवर उभं राहून खानावळीच्या मालकीणबाई तारेच्या खांबावर निळा पट्टा ओढत होत्या. भर दुपार होती, गल्लीत येणं-जाणं चालू होतं, तरी कोणी हटकलं नाही. हातात डबा आणि ब्रश असला की माणसाला कोणी काही विचारत नाही, हे त्यांना पहिल्या खांबावरच कळून चुकलं होतं.

देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा पहिला मोटाररस्ता नुकताच जाहीर झाला होता. त्यात नवं असं काही नव्हतं. गावोगावचे जुनेच रस्ते एकमेकांना जोडायचे, मोटारवाल्यांना वाट कळावी म्हणून खांबांवर निळे पट्टे ओढायचे, की झाला महामार्ग. या गावात तो नेमका वरच्या गल्लीत वळला होता आणि तिथे बाईंच्या दिराची खानावळ होती. वाटण्या झाल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता. आता सगळं गिऱ्हाईक भावोजींकडे जेवणार, या विचारानं बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी चौकातल्या खांबावरचा पट्टा खरवडला आणि आपल्या गल्लीतले खांब रंगवून टाकले.

मोटारी आल्या. धुळीनं माखलेली, भुकेनं कावलेली माणसं बाईंच्या दारात उतरू लागली. भावोजी भेटेल त्याला सांगत सुटले, “अहो, खरा रस्ता माझ्या दारावरून आहे!” पण ऐकतो कोण? नकाशा करायला रस्तेखात्याचे साहेब आले, तेही पट्टे बघत बघत थेट बाईंच्या टेबलाशी. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि नकाशात ती गल्ली पक्की केली.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले, ते मोजपट्टी घेऊन.

“रस्ता रुंद करायचाय, बाई. तुमची पुढची खोली जाईल. स्वयंपाकघरही.”

“मग उरलं काय?”

“मागचं अंगण,” साहेब म्हणाले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या आत धावल्या आणि रंगाचा डबा घेऊन आल्या.

“साहेब, ते पट्टे मी रंगवलेत. हा बघा डबा!”

“घर जायची वेळ आली की प्रत्येक गावात कोणीतरी डबा आणून दाखवतं,” साहेब म्हणाले. “मागच्या गावात तर तिघं होते.”

“मग चला वरच्या गल्लीत. खरे पट्टे आहेत तिथे अजून.”

त्यांनी साहेबांना जवळजवळ ओढतच नेलं. वरच्या गल्लीतले खांब मात्र काळेकुट्ट होते. एकावरही पट्टा नव्हता. दारात भावोजी उभे होते.

“भावोजी, वर्षभर बोंबलताय ना? आता सांगा यांना, खरा रस्ता कुठला ते.”

भावोजींनी आधी साहेबांच्या हातातली मोजपट्टी पाहिली, मग आपला ओटा.

“छे हो, वहिनी! पहिल्यापासून तुमच्याच दारावरून जातो.”

साहेब नकाशा गुंडाळून चालते झाले. बाईंनी खांबाला बोट लावून पाहिलं. डांबर ओलं होतं. भावोजींच्या हातांनाही ते कोपरापर्यंत लागलं होतं. बाईंना रडू येत होतं आणि हसूही आवरेना.

“एवढ्या उंच हात कसा पोचला तुमचा?”

“तुमची शिडी आणली होती,” भावोजी खाली मान घालून म्हणाले. “देतो पाठवून.”

“राहू दे इथेच,” बाई म्हणाल्या. “बाकीचं सामान मी उद्या आणते.”