बेस वाजतीय

"कुणाला खरं वाटायचं न्हाई," गिटारीची मान मांडीवर दाबून धरत दत्तोबा म्हणाले, "पण पार चाकणला कंपनीत कुणाच्या हातनं वायसर पडला, तर मला हितं चिखलीत ऐकू यायचा. वर तो पितळंचा का लोखंडाचा, ते बी सांगायचो."

"आबा, हलू नका. स्क्रू तिरका जाईल," तेजस्विनी म्हणाली.

"पितळंचा जरा लाजत पडतो."

ती हसली आणि स्क्रू-ड्रायव्हरवर अंगाचा भार टाकून तिनं शेवटचा स्क्रू आवळला. धड आणि मान एक झाली. घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी म्हशी असत. आता तिथं खोका उघडा पडला होता आणि त्यातली गिटार, सुट्या भागांतून पॉलिश पेपर घासत घासत तेजस्विनीनं उभी केलेली, आजोबांच्या मांडीवर आडवी झाली होती.

खोका आला त्याच दिवशी दत्तोबांनी आळीभर सांगून टाकलं होतं, नातीनं बेस गिटार मागवलीय. त्यांच्या बोलण्यात जे जे चांगलं ते सगळं बेस: चहा बेस, हवा बेस, शेजारच्या विमलबाईंचा जावई बेस. तेजस्विनीनं समजावलं की बेस हे तिचं नावच आहे, चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार असते ती. तेव्हा ते म्हणाले होते, "मग? वंगाळ गिटार कोण मागवंल?"

तिनं तारा चढवल्या, मोबाइलवर सूर बघत खुंट्या पिळल्या. दत्तोबा समोरच्या क्रेटवर जाऊन बसले होते आणि बोलत होते. इंद्रायणीतला मासा कूस बदलतो तेव्हा कसा आवाज होतो, ते चाललं होतं. तेजस्विनी अधूनमधून हुंकार भरत होती. तिचं लक्ष सकाळच्या बोलण्यात अडकलं होतं.

शिफ्टला निघताना तिच्या वडिलांनी, ज्ञानेशनं, तिला गेटपाशी थांबवलं होतं. काल चौकात डंपरवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि आबा रस्त्याच्या मधोमध कुणाला तरी गोष्ट सांगत उभे. टपरीवाल्यानं धावत येऊन दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले.

"तू दिवसभर त्यांच्याजवळ असतेस," ज्ञानेश म्हणाला होता. "ऐकू येतं का त्यांना?"

"येतं की!"

"असं पटकन नको सांगू. आज नीट बघ आणि मी आल्यावर सांग. येत नसेल तर चौकात जाणं बंद."

चौक बंद म्हणजे टपरी बंद. टपरीवरची चार टाळकी हेच आबांचं राज्य होतं. घरात मासा आणि वायसर ऐकायला तिच्याशिवाय होतं कोण? आणि तीही कॉलेज सुरू झालं की दिवसभर ताथवड्याला.

तिनं गिटार उसन्या आणलेल्या अँपला, गिटारच्या स्पीकरला, जोडली.

"आबा, आता तुमचं काम. तार मानेवरच्या या पट्ट्यांना घासली की खरखरते. मला ती जवळून ऐकू येते, पण समोरच्यापर्यंत पोचते का, ते समोरच्यानंच सांगायचं."

"मला सांगतीस? कान हायेत का गंमत!"

तिनं सगळ्यांत जाड तार छेडली. किंचित काहीतरी खटकलं. तिनं कपाळाला आठी घातली.

"खरखरतीय," दत्तोबा लगेच म्हणाले.

मानेच्या आत एक सळई असते. षटकोनी किल्लीनं ती आवळली की मान सरळ होते, ढिली केली की वाकते. तिनं किल्ली जराशी फिरवली.

"आता?"

"अजून वाईच."

तिनं अजून आवळली आणि तार छेडली. पत्र्यावर खडे सांडावेत तशी गिटार खडखडली. आपण भलतंच करून बसलो याचं तिला हसू आलं.

"आता बेस!" दत्तोबांनी मांडीवर थाप मारली.

तेजस्विनीचा हात तारेवरच राहिला. मग तिनं सळई उलटी फिरवत नेली. पहिल्यापेक्षाही थोडी ढिली. तार स्वच्छ घुमली. तिनं मुद्दाम आठी घातली.

"खरखर हाय अजून."

तिनं बोट अर्धवट टेकवून तार खडखडवली आणि तोंडभर हसली.

"आता कशी बेस वाजतीय!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. दत्तोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कॅरममधला खेळाडू सोंगटीकडे बघतो तसे. ती गप्प झालेली दिसताच त्यांनी मासा पुन्हा पाण्यात सोडला. गेल्या वर्षभरात आबांच्या गोष्टी इतक्या का वाढल्या, मधे कुणाला बोलूच का देत नाहीत, ते तिला आत्ता कळलं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नव्हतं.

ती उठली. गिटार त्यांच्या मांडीवर उभी केली, लाकूड छातीला टेकवलं आणि समोरून जाड तार ओढली.

मासा अर्ध्यावर थांबला. दत्तोबांनी तळवा लाकडावर पसरला.

"घण हाय ह्यात," ते हळू म्हणाले. "कंपनीत फोर्जिंगला, तापलं लोखंड ठोकायला असताना पायातनं असाच वर यायचा. छातीपतुर." तिनं तारेवर हात ठेवला. "थांबला," ते म्हणाले. तिनं पुन्हा छेडली. "आला." एकदाही चुकले नाहीत. चेहऱ्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटले होते.

ऐकू येतं म्हणून सांगता येईल, तिला वाटलं. निम्मं तरी खरं आहे.

तेवढ्यात गल्लीत ज्ञानेशची गाडी वळली. गेट उघडायला कुणी यावं म्हणून त्यानं दोनदा हॉर्न दिला. मग स्वतःच गेट लोटलं. दत्तोबांची हनुवटी गिटारीवर टेकलेली होती, ती हलली नाही.

तेजस्विनीनं अँप बंद केला आणि गिटार उचलून घेतली. दत्तोबांनी डोळे उघडले आणि त्यांना पुन्हा बळ चढलं.

"सांग तुज्या बापाला! म्हणावं, आबाच्या कानावर गिटार लावली. काल मलाच इचारत हुता, ऐकू येतं का! त्याची गाडी मोशीला वळली की हितं वळखतो मी. अजून लांब हाय तो." ते गुडघ्यांवर हात रेटून उठायला लागले. "तवर चौकात एक चक्कर मारून येतो."

त्यांच्या पाठीमागं, शेडच्या दारात, हेल्मेट काखेत धरून ज्ञानेश उभा होता. तो आबांकडे बघत नव्हता. तेजस्विनीकडे बघत होता.

तिनं त्यांचा खांदा दाबला. ते खाली बसले, तशी तिनं गिटार पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली. ती त्यांच्यासमोर उकिडवी झाली, आपले ओठ त्यांना नीट दिसतील अशी. त्यांचा तळवा लाकडावर ठेवून त्यावर आपला हात ठेवला.

"खोटं, आबा," ती म्हणाली. "पप्पा आलेत. केव्हाचे तुमच्या मागं उभे आहेत."

सवयीनं ओठांवर आलेलं "बेस" दत्तोबांनी गिळलं आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.