आकडे न वाचणाऱ्या शिंप्याची मोजपट्टी

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. मेणकापडाच्या लांब पट्टीवर यंत्राने साठ इंचांच्या रेघा उमटवल्या, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या आणि मी जन्मले. पुढचे सारे आयुष्य एका शिंप्याच्या गळ्यात गेले. त्या गळ्याची ऊब, खडूचा गंध, इस्त्रीखालून उठणारी ओली वाफ. माझे आकाश एवढेच, आणि ते मला पुरून उरले.

एक गुपित मात्र मी वर्षानुवर्षे सांभाळले. माझ्या अंगावरचे आकडे शिंप्याला नीट वाचता येत नसत. त्याच्या डोळ्यांपुढे ते जागा बदलत. म्हणून तो माझ्याआड एक दोरा धरी आणि खांदा, बाही, कंबर जिथे संपे तिथे गाठ मारी. त्या गाठी माझ्यावर ठेवून वहीत आकडे लिहिण्याचे काम बायकोचे. गिऱ्हाइके कौतुकाने म्हणत, "यांना वही लागतच नाही हो, सगळं बोटांत आहे."

या घराची एक रीत होती. आठवे वर्ष लागले की मुलाने वहीत पहिले माप लिहायचे. शिंप्याची लेक भिंगरी हिने एका कारकुनाच्या बाहीचे माप लिहिले. तेवीसचे बत्तीस झाले.

"बत्तीस इंच?" कारकून म्हणाला. "म्हणजे हात खिशात नको, थेट बुटात घालू?"

सगळे हसले, भिंगरीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, तिला मागच्या खोलीत बटणे निवडायला बसवले. "गिऱ्हाइकांपुढे नको. आपल्या घराण्यात असं कुणी नाही. चारचौघांत बोभाटा कशाला?"

शिंप्याच्या मुठीत मी चुरगळले.

महिन्याभराने शाळेच्या बाई अर्ज घेऊन आल्या. भिंगरीला वेगळ्या पद्धतीने शिकवता येणार होते. घरच्यांची सही हवी होती. त्यात एक प्रश्न होता: घरात आणखी कुणाला अशी अडचण आहे का?

"'नाही' लिहा बाई," आत्या म्हणाली. "आणि सहीबिही काही नको. आळस आहे नुसता. चार दिवस बटणं निवडली की येईल वळणावर."

मागच्या खोलीतला बटणांचा आवाज थांबला.

"'हो' लिहा," शिंपी म्हणाला. "मला आहे. सही कुठे करू?"

"दादा, तू? अरे, अख्खा बाजार तुझे कपडे घालतो."

"घालतो ना. मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून दोरा धरतो. लाज वाटायची, लपवत आलो."

आत्याने स्वतःची बाही चाचपून पाहिली. "म्हणजे इतकी वर्षं माझे कपडे अंदाजानं शिवलेस?"

"बसतात की नाही?"

"बसतात मेले," ती म्हणाली, आणि उठून मागच्या खोलीचे दार उघडून आली.

आता भिंगरी आठवड्यातून तीनदा त्या वेगळ्या वर्गाला जाते. उरलेल्या दिवशी दुकानाच्या दर्शनी भागात माझे दुसरे टोक धरते. आकडे अजूनही अधूनमधून जागा बदलतात. ती थांबते, बोटाने पुन्हा चाचपते. शिंपीही थांबतो. त्या थांबण्यात मला फार बरे वाटते.

मित्रांनो, मोजपट्टीला ओलीत टाकू नका, हिसके देऊन ताणू नका. ताणलेली पट्टी चुकीचे माप सांगते. आणि तुमच्या घरी एखाद्या मुलाला पाहुण्यांपुढून आत पाठवत असतील, तर तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा. मोठ्यांपैकी कुणीतरी तुमच्या मागोमाग येईल.